आपल्या डोंगरात निकेल का नाही? : ताटापासून सड्यापर्यंत एक पाठ



खनिजांचा पाठ आला की आपण बहुतेक जण काय करतो? फळ्यावर दोन रकाने आखतो. डावीकडे खनिज, उजवीकडे जिल्हा. मँगनीज – नागपूर, भंडारा. लोहखनिज – गडचिरोली, सिंधुदुर्ग. बॉक्साइट – कोल्हापूर, रायगड. कोळसा – चंद्रपूर, यवतमाळ. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत जोड्या लावतात, आणि पुढच्या पाठाला जाईपर्यंत विसरतात. आमच्या माधवनगरच्या मुलांची तर आणखी एक अडचण. या यादीत सांगली कुठेच येत नाही. मग मुलांचा सरळ हिशेब असतो : आपल्याकडं काय न्हाई.

यंदा मी हा पाठ उलट्या बाजूने घेतला. ‘कुठे काय आहे’ हे विचारायचं नाही; ‘इथे का नाही’ हे विचारायचं. त्यासाठी एकच धातू निवडला, निकेल. तुम्ही म्हणाल, प्राथमिकच्या मुलांना निकेल कशाला? तर त्यांच्या रोजच्या ताटात आहे म्हणून. चला, पाठ कसा उलगडत गेला ते क्रमाने सांगते. तुमच्या वर्गात जसाच्या तसा घेता येईल.

कृती १ : चुंबक घेऊन घरभर फिरा

मुलांना सांगितलं, घरून एक स्टीलची वस्तू, एक नाणं आणि असेल तर आजी-आजोबांच्या गाठोड्यातलं एखादं जुनं नाणं आणा. दुसऱ्या दिवशी वर्गात भांड्यांचं दुकानच मांडलं गेलं. वाट्या, चमचे, संक्रांतीच्या वाणाची डबी, बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलेलं ताट. प्रत्येक गटाला एक चुंबक दिला.

एक आणि दोन रुपयांची हल्लीची नाणी चुंबकाला पटकन चिकटली. काही चमचे चिकटले. पण चांगली जाड ताटं आणि वाट्या चिकटेनात. एक मुलगी म्हणाली, “बाई, स्टील म्हंजे लोखंडच ना? मग ह्याला का चिकटत न्हाई?” पाठाचं दार तिथेच उघडलं.

स्टेनलेस स्टील म्हणजे लोखंडात क्रोमियम मिसळून केलेला, न गंजणारा मिश्रधातू. आपली एक-दोन रुपयांची नाणी साधारण ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम अशी असतात. ती चिकटतात. पण चांगल्या भांड्यांच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलही असतं. निकेल मिसळलं की लोखंडाच्या कणांची आतली मांडणीच बदलते आणि चुंबकाची ओढ जवळजवळ नाहीशी होते. शिवाय असं स्टील ठोकून, ओढून हव्या त्या आकाराला सहज वळतं. जगात निघणाऱ्या निकेलपैकी साधारण दोन तृतीयांश स्टेनलेस स्टीलमध्येच जातं.

इथे शिक्षकांनी एक काळजी घ्यावी. ‘चिकटलं नाही म्हणजे निकेल भरपूर’ असा नियम मुलांच्या डोक्यात बसू देऊ नये. काही स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, तेही चिकटत नाही. चुंबक इशारा देतो, दाखला देत नाही.

मग आली खरी गंमत. एका मुलाच्या आजीने १९६१ चं पन्नास नये पैशांचं नाणं दिलं होतं. ते चुंबकाला चिकटलं! हे नाणं तर शुद्ध निकेलचं. लोखंडाचा कण नाही, तरी चिकटतं; कारण लोखंड, निकेल आणि कोबाल्ट हे तिन्ही धातू चुंबकाकडे ओढले जातात. आणि वीस रुपयांच्या नव्या नाण्यात निकेल असूनही ते चिकटत नाही, कारण त्यात तांबंच जास्त. मुलं चक्रावली. चक्रावलेलं मूल हे शिकायला तयार झालेलं मूल असतं, हा आपला सगळ्यांचाच अनुभव.

नावाची गोष्ट : तांब्यातला चकवा

जर्मनीतल्या खाणकामगारांना पूर्वी एक लालसर खनिज सापडायचं. दिसायला तांब्यासारखं. ते भट्टीत घालून बघायचे, तर तांबं काही निघायचं नाही, वर विषारी वाफ मात्र यायची. त्यांना वाटलं, डोंगरातलं भूत आपल्याला फसवतंय. म्हणून त्यांनी त्या दगडाला ‘कुप्फरनिकेल’ म्हटलं. कुप्फर म्हणजे तांबं आणि निकेल म्हणजे खोड्या काढणारं भूत. आपल्याकडे रानात वाट चुकवणाऱ्याला चकवा म्हणतात ना, तसा हा तांब्यातला चकवा. १७५१ मध्ये स्वीडनच्या अॅक्सेल क्रोनस्टेट या शास्त्रज्ञाने तशाच एका खनिजातून एक नवाच धातू वेगळा काढला आणि पुढे भुताचंच नाव त्याला ठेवलं. त्या खनिजातली विषारी वाफ होती आर्सेनिकची. भूत वगैरे काही नव्हतं.

ही गोष्ट मुलांना फार आवडते. पण ती नुसती गंमत म्हणून सांगू नका. ‘भूत’ म्हणून थांबलेल्यांना धातू मिळाला नाही, ‘का बरं?’ म्हणणाऱ्याला मिळाला, एवढं एक वाक्य पुढे जोडा.

आता आपला दगड

यानंतर मुलांना आवाराच्या कडेला नेलं. तिथे बांधकामाची खडी पडली होती. खडी क्रशरवरून आलेला तोच काळा दगड, ज्याने आपली घरं, पायऱ्या, नदीचे घाट बांधले गेले. शास्त्रात याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. आजही साधारण पाच लाख चौरस किलोमीटर एवढा मुलूख या दगडाने झाकलेला आहे. मिरजेहून कवठेमहांकाळकडे जाताना दंडोबाचा डोंगर लागतो. तिथलं देऊळ याच दगडात कोरलेलं आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणारे पायऱ्यांसारखे टप्पे म्हणजे हेच थर. म्हणून इंग्रजीत याला ‘ट्रॅप’ म्हणतात. स्वीडिश भाषेत ‘ट्रॅप्पा’ म्हणजे जिना.

या काळ्या दगडात निकेल आहे का? आहे! एक टन दगड घेतला तर त्यात साधारण १०० ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. मुलं आनंदली. एक जण लगेच म्हणाला, “मग बाई, क्रशरवाल्यानं काढावं की!” मी म्हटलं, काढू या. हिशेब कर. दहा टन दगड फोडला तर एक किलो. एक ट्रक दगड दळायचा, भाजायचा, रसायनांत बुडवायचा, आणि हातात येणार दोनेक वाट्यांत मावेल एवढं निकेल. खर्च किती आणि मिळकत किती? पोरं खुदकन हसली. खनिज आणि धातुक यांतला फरक मी पूर्वी व्याख्या देऊन शिकवायचे. यंदा व्याख्या मुलांनीच केली : “ज्यातनं काढायला परवडतं त्ये धातुक.”

म्हणजे ‘आपल्याकडं काय न्हाई’ हे खरं नाही. आहे, पण विखुरलेलं आहे. आता प्रश्न असा, की विखुरलेलं एका जागी गोळा कसं होतं? निसर्गाकडे त्याच्या दोन मोठ्या रीती आहेत. एक आगीची, एक पाण्याची.

आगीची रीत : एकाच जातीचा लाव्हा, दोन नशिबं

रशियात सैबेरिया नावाचा गोठलेला प्रदेश आहे. तिथेही आपल्यासारखेच लाव्ह्याचे थरावर थर आहेत, फक्त फार जुने, सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे. तिथल्या नोरिल्स्क गावाजवळ जगातला एक सर्वांत मोठा निकेलचा साठा आहे. दगड आपल्या भावकीतलाच. मग त्यांना मिळालं आणि आपल्याला का नाही?

उत्तर गंधकात आहे. निकेलला गंधकाची फार ओढ. नोरिल्स्कला शिलारस वर येताना वाटेत जिप्समच्या जातीच्या आणि कोळशाच्या थरांतून आला. त्या थरांतलं गंधक त्याने पोटात घेतलं. मग शिलारसात गंधकाचे थेंब वेगळे झाले. रस्सा पातळ झाला की तेलाचे थेंब वेगळे दिसतात तसे, पण हे थेंब जड, तळाशी बसणारे. आजूबाजूच्या शिलारसातलं निकेल, तांबं या थेंबांनी ओढून घेतलं आणि तळाला जाऊन साठा झाला.

दख्खनच्या लाव्ह्यात असा मोठा साठा आजवर सापडलेला नाही. निकेल होतं, पण त्याला गोळा करणारा कुणी भेटला नाही. मुलांना मी असं सांगितलं : बाजाराला निघालेली माणसं तीच, पण एका गावात त्यांना बसवून घेणारी गाडी भेटली, दुसऱ्या गावात सगळी आपापल्या वाटेने पांगली.

पाण्याची रीत : पावसाची गाळणी

ही दुसरी रीत आपल्या जास्त जवळची आहे, कारण ती आपल्या डोंगरांवर घडलेली आहे. सहलीला पाचगणीला गेलेल्या मुलांना विचारा, टेबललँडवर खाली काय होतं? लालसर, भोकाभोकांचा, खडबडीत कातळ. तो जांभा. पन्हाळा, महाबळेश्वर, कासचं पठार, आपल्या शिराळ्याच्या पलीकडे चांदोलीतला झोळंबीचा सडा, सगळीकडे काळ्या दगडाच्या डोक्यावर ही लाल टोपी आहे. कोकणात याचेच चिरे काढून घरं बांधतात. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने केरळात तो पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराइट’ नाव दिलं. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. चिऱ्याचं घर पाहिलेल्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

जांभा कुठून आला? काळ्या दगडातूनच. उष्ण हवा, धो धो पाऊस, मग कोरडे महिने, पुन्हा पाऊस, असं कोट्यवधी वर्षं चाललं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. ते दगडात मुरत राहिलं. दगडातलं जे जे विरघळण्यासारखं होतं, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, आणि हळूहळू सिलिकासुद्धा, ते धुऊन गेलं. जे हट्टी होतं ते मागे राहिलं. हट्टी कोण? लोह आणि अॅल्युमिनियम. लोहामुळे लाल रंग आला. काही ठिकाणी लोहही कमी होऊन अॅल्युमिनियम फार वाढलं, ते झालं बॉक्साइट. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या डोंगरावरचं बॉक्साइट असंच तयार झालेलं. ते बेळगावच्या कारखान्यात अॅल्युमिना करायला जायचं. साधारण चार ते पाच टन बॉक्साइटमधून एक टन अॅल्युमिनियम मिळतं.

कृती २ : दोन पुरचुंड्या

हे फळ्यावर समजत नाही, म्हणून प्रयोग. दोन सुती फडकी घ्या. दोन्हींत पाच-पाच चमचे मीठ आणि एक-एक चमचा वाळू घाला. पहिल्यात लेथच्या दुकानातून आणलेला लोखंडाचा कीस फक्त चिमूटभर घाला, दुसऱ्यात पूर्ण चमचाभर. किसात टोकदार कण असतात, तेव्हा तो शिक्षकांनीच हाताळावा. पुरचुंड्या बांधा आणि बादलीवर धरून तांब्या-तांब्याने पाणी ओता. मीठ गेलं की उघडा आणि चुंबक कागदात गुंडाळून फिरवा.

दोन्हीकडे पाणी सारखं ओतलं. दोन्हीकडून मीठ गेलं. पण एकीकडे किसाचे चार कण आणि दुसरीकडे ढीग. पाऊस धातू तयार करत नाही. तो फक्त बाकीचं धुऊन नेतो. जे मुळात होतं तेच मागे राहतं.

आता याच प्रयोगातून निकेलकडे वळा. पृथ्वीच्या खोल प्रावरणातून क्वचित एक हिरवट, जड दगड वर येतो. त्याला पेरिडोटाइट म्हणतात. त्यात टनामागे साधारण दोन किलो निकेल असतं. आपल्या काळ्या दगडाच्या वीसपट. गणिताच्या तासाला हेच उदाहरण घाला. समजा, एक हजार किलो दगड पावसाने धुऊन दोनशे किलो उरला आणि निकेल सगळं त्यातच राहिलं. काळ्या दगडात १०० ग्रॅम होतं, तर आता ०.०५ टक्के झालं. हिरव्या दगडात दोन किलो होतं, तर १ टक्का झालं. एक टक्क्याच्या पुढे खाण परवडू लागते. पाऊस तोच, उन्हाळा तोच, वर्षं तेवढीच. आईदगड वेगळा म्हणून एकीकडे नुसता जांभा आणि दुसरीकडे निकेलचं धातुक.

प्रत्यक्षात निकेल लोहाइतकं हट्टी नसतं. ते वरच्या लाल थरातून थोडं विरघळून खाली उतरतं आणि कुजलेल्या दगडाच्या भेगांत हिरव्या खनिजाच्या रूपाने पुन्हा साठतं. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरचं असं हिरवं खनिज ज्यूल गार्निए या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ओळखलं जातं. आज जगात सर्वांत जास्त निकेल काढणारा देश आहे इंडोनेशिया, आणि तिथलं बहुतेक निकेल अशाच लाल-हिरव्या मातीतलं.

आपल्या देशात निकेलचे नव्वद टक्क्यांहून जास्त साठे एकट्या ओडिशात आहेत, आणि त्यात जाजपूर जिल्ह्यातल्या सुकिंदा खोऱ्याचं नाव पहिलं. तिथे क्रोमाइटच्या खाणी आहेत. क्रोमाइटवरची जी लाल माती बाजूला ढिगाऱ्यात टाकतात, तिच्यात साधारण अर्धा ते एक टक्का निकेल आहे. पण ते मातीत इतकं बारीक गुंतलेलं आहे की सोडवून काढणं अवघड. त्यामुळे आपण निकेल बहुतांशी बाहेरून आणतो. तुमच्या-माझ्या ताटातलं आठ टक्के कुठल्या तरी समुद्रापलीकडच्या डोंगरातलं असणार.

मग महाराष्ट्रात निकेलचा मागमूसच नाही का?

हा प्रश्न मुलांनीच विचारला. दोन उत्तरं दिली. पहिलं सिंधुदुर्गातलं. कणकवलीजवळ जानवली आणि वागदे इथे प्रावरणाकडून आलेल्या त्या हिरव्या-जड दगडांच्या कुळातले लहान तुकडे जमिनीत आहेत आणि त्यांत क्रोमाइट सापडतं. क्रोमाइट आणि निकेल हे एकाच घरातले भाऊ. दोघांचा आईदगड एकच. पण सुकिंदाच्या मानाने हे तुकडे फारच लहान.

दुसरं उत्तर आहे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचं. आपल्या काळ्या दगडात आकाशातून आलेल्या पाहुण्याने पाडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवर. तो आघात इतका जबर की दगड वितळून काचेचे बारीक मणी उडाले. शास्त्रज्ञांनी ते मणी तपासले, तर त्यांत आजूबाजूच्या बेसाल्टपेक्षा निकेल जास्त मिळालं. हे जादाचं निकेल पाहुण्याने आणलेलं. पाहुणा तर उरला नाही, पण दारात त्याच्या पायाची धूळ राहिली. एवढंसं निकेल खाणीला कामाचं नाही, पण साक्षीला पुरतं.

“बाई, हे परीक्षेला येतंय का?”

मुलं ही सगळी उलाढाल घरी सांगू लागली आणि एक पालक शाळेत आले. रागावलेले नव्हते, काळजीत होते. शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आलेली. म्हणाले, “बाई, पोरगं घरात सगळ्या भांड्यांना चुंबक लावत सुटलंय. चांगलं आहे. पण हे परीक्षेला येतंय का?” मी खरं ते सांगितलं : निकेल बहुधा येणार नाही. पण शेकडेवारी येते, वजन-मापं येतात, ‘कारण द्या’ येतं, तक्ता वाचून उत्तर द्या हेही येतं. या पाठात ते सगळं झालंय. ते मान हलवून गेले. त्यांचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पालकांची ती काळजी खोटी नसते, आणि तिला उत्तर देणं आपलं काम आहे, हे मात्र आपण शिक्षकांनी लक्षात ठेवावं.

दुसरी भेट एका आजोबांची. त्यांचं मूळ गाव चांदोलीच्या बाजूचं; धरण आणि जंगलासाठी उठून कुटुंब इकडे येऊन वसलेलं. नात घरी म्हणाली, “सडा म्हंजे पावसानं धुऊन उरलेला दगड.” ते ऐकून ते मुद्दाम वर्गात आले आणि मुलांसमोर बसून बोलले. “सड्यावर काय पिकत न्हाई. चार बोटं माती. लोकांस्नी वाटतं माळ पडलाय नुसता. पर आमच्या झऱ्याचं पाणी कुठनं यायचं? सड्यातनं. वर पाऊस पडायचा, खाली उन्हाळ्यापतोर पाझर चालायचा.”

भूगोलाच्या पुस्तकात हेच वेगळ्या शब्दांत आहे. जांभा भोकाभोकांचा, म्हणून पाणी पितो. त्याच्याखाली कुजलेल्या दगडाची चिकणमाती असते, ती पाणी अडवते. दोन्हींच्या सांध्यावर डोंगराच्या कुशीत झरे फुटतात. आता विचार करा. बॉक्साइट असो वा निकेल, पाण्याच्या रीतीने झालेलं धातुक कुठे असतं? खोल विहिरीत नाही, डोंगराच्या माथ्यावर. म्हणजे ते काढायचं तर पाणी पिणारी तीच टोपी उचलावी लागते. टोपी गेली की पाण्याचा साठाही जातो. कोट्यवधी वर्षांत झालेली गोष्ट पुन्हा करायला तेवढीच वर्षं लागतील.

मी मुलांना ‘खाण वाईट’ असं शिकवलं नाही. ताट हवं, सायकल हवी, आता विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या काही बॅटऱ्यांनाही निकेल लागतं. आपल्याला लागणारा धातू कुणाच्या तरी डोंगरातून येणारच. ज्या सुकिंदात आपल्या स्टीलसाठी क्रोमाइट निघतं, ते २००७ मध्ये जगातल्या दहा सर्वांत प्रदूषित जागांच्या एका आंतरराष्ट्रीय यादीत होतं. पाण्यात उतरलेलं क्रोमियम हे त्याचं कारण. आपला डोंगर वाचला याचा आनंद मानताना दुसऱ्याचा डोंगर आपल्या ताटात आहे, हेही मुलांना कळायला हवं. कास, कोयना, चांदोली, राधानगरी हे भाग २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. सुकिंदाच्या वाट्याला असं काही आलेलं नाही.

फळ्यावरचा नवा तक्ता

शेवटी आम्ही सुरुवातीच्या दोन रकान्यांचा तक्ता पुन्हा आखला, पण पाच रकान्यांचा :

१. खनिज कोणतं?
२. आईदगड कोणता?
३. त्याला गोळा कुणी केलं, आगीने की पाण्याने?
४. ते कुठे गेलं आणि त्याचं काय झालं?
५. काढल्यावर मागे काय राहिलं?

पहिले तीन रकाने शास्त्राचे. चौथा बाजाराचा. पाचवा आपल्या सगळ्यांचा, आणि पुस्तकात तोच नसतो. मुलांनी बॉक्साइटची ओळ भरली, मग निकेलची. आणि मग एका मुलाने विचारलं, “बाई, सांगलीची पण एक ओळ लिहायची?” लिहिली. खनिज : काळा दगड. आईदगड : तोच. गोळा कुणी केलं : आगीने. कुठे गेला : घरं, रस्ते, घाट, दंडोबाचं देऊळ. काय राहिलं : या रकान्यावर बराच वाद झाला. कुणी म्हणालं क्रशरचा खड्डा, कुणी म्हणालं धूळ. एक मुलगी म्हणाली, “काळी माती. काळा दगड कुजूनच झाली ना ती? त्यातच आपली हळद येती.”

तेही लिहिलं. तक्ता अजून भिंतीवर आहे. खालच्या दोन ओळी मुद्दाम रिकाम्या ठेवल्यात. मुलं सुट्टीत गावाला जाऊन आली की भरणार आहेत. तुमच्या गावची ओळ तुमच्या मुलांकडून भरून घ्या. चुंबक, दोन फडकी आणि मीठ एवढंच साहित्य लागतं.